कावळा माशांसाठी आला होता

बाबा, तुमचे मासे मी देऊन टाकतोय. रविवारी ठाण्याहून एकजण टेम्पो घेऊन येणार आहे, त्याच्याकडे मोठी आठ फुटी टाकी आहे, आणि "दादा, टेन्शन नको, राजासारखे राहतील," असं तो फोनवर पुन्हा पुन्हा म्हणाला. आपली बिल्डिंग एकदाची रिडेव्हलपमेंटला गेली. डोंबिवलीतच, स्टेशनपासून लांब, भाड्याची जागा बघितलीय, आणि तिथला मालक टाकीचं माप ऐकूनच म्हणाला, "अहो, माझा स्लॅब खाली बसेल. मासे सोडून या." एवढंच कारण आहे, कुणालाही पटेल असं. तरी मला कुठे तोंड लपवू असं झालंय, कारण हे मासे सांभाळीन असा शब्द मी तुम्हाला दिलेला, आणि तोही साधासुधा नाही, तुमच्या पिंडासमोर.

तुम्हाला ते ठाऊक असेल की नाही, कोण जाणे. दहाव्याला खाडीवरच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कठड्यावर बसलेला, मान तिरकी करून भाताकडे बघत होता, पण खाली उतरायचं नाव नाही. गुरुजी सारखे घड्याळ बघतायत. काका म्हणाले, "बोल रे काहीतरी, जीव कशाततरी अडकलाय त्याचा." मी हात जोडून म्हटलं, आईला सांभाळीन. कावळा ढिम्म. ताईचं लग्न नीट लावून देईन. ढिम्म. गावच्या घरावरून काकांशी भांडणार नाही. यावर काका स्वतःच जरा खाकरले, पण कावळा जागचा हलला नाही. ऊन चढत होतं, पोटात कावळे ओरडत होते, आणि मला चक्क तुमचा राग आला. मेल्यावरसुद्धा या माणसाचं समाधान होत नाही म्हणजे काय! मी चिडून म्हटलं, "बरं बाबा, तुमचे मासेपण सांभाळीन!" आणि कावळ्याने झडप घातली. काय हसले सगळे! सुतकात कुणी एवढं हसत नाही. काका तर डोळे पुसत म्हणाले, "बघा, बायकापोरं गेली चुलीत, याचा जीव माशांत!" पुढे हा किस्सा मी ऑफिसात, लग्नाकार्यात, जिथे जाईन तिथे रंगवून सांगितला. आई तेव्हा हसली नव्हती. ते मला दिसलेलं, पण मी त्याचा विचार केला नाही.

क्लाऊन लोच हे नाव तुम्हीच मला शिकवलंत. नारिंगी अंग, त्यावर तीन रुंद काळे पट्टे, तोंडाला मिशा. आणलेत तेव्हा बोटाएवढे होते, तुम्ही गेलात तेव्हा वीतभर, आणि आता टाकीत वळताना शेपटी काचेला घासते एवढे झालेत. तुमची ती संध्याकाळ मला आजही जशीच्या तशी दिसते. तुम्ही एसटीच्या खोपट डेपोतून सुटून घरी येता. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात घासता, आधी ग्रीस जाईपर्यंत साबणाने, मग साबण जाईपर्यंत नुसत्या पाण्याने, कारण साबणाचा थेंबही त्यांना सोसत नाही. मग टाकीसमोर स्टुलावर बसता, स्वयंपाकघराकडे पाठ करून. आईने कोलंबी सोलून, धुऊन, बारीक चिरून वाटीत ठेवलेली असते. काकडीची उकडलेली चकती असते, ती चमच्याला अडकवून तळाशी सोडायची. मासे लपायला ठेवलेल्या पाईपातून एकेक करून बाहेर येतात, खाताना टक् टक् आवाज करतात, आणि तुम्ही त्यांच्याशी बोलायला लागता. "काय राव, आज लवकर भूक लागली?" कुठल्या गाडीचा ब्रेक लागत नाही, साहेब कुणावर डाफरला, सगळं त्यांना सांगता. आई आतून विचारते, "चहा टाकू?" तुम्ही म्हणता, "हं." आमच्या वाट्याला ते "हं" यायचं, बाबा. मला त्याचा फार राग यायचा.

एकदा तुम्ही टाकी धुवायला काढलेली आणि मी मदत म्हणून जाळी हातात घेतली. दहा-अकरा वर्षांचा असेन. सगळ्यात मोठा लोच जाळीत आला आणि सुटेना. मी ओढतोय, तो तडफडतोय, आणि तुम्ही ओरडलात, "ओढू नकोस रे गाढवा! काटा आहे त्याच्या डोळ्याखाली, फाटेल ना!" तुम्ही एका हाताने मासा पाण्यात धरलात, दुसऱ्या हाताने आईची शिवणाची कात्री घेतलीत आणि नवीकोरी जाळी कराकरा कापून टाकलीत. मग बराच वेळ त्याच्या अंगाखाली तळवा धरून बसलात, तो सावरेपर्यंत, आणि काय काय पुटपुटत होतात त्याला. मी बाजूला उभा राहून रडत होतो. असा हात तुम्ही माझ्या पाठीवरून कधी फिरवल्याचं मला आठवत नाही. तेव्हाच ठरवलेलं, मी या माणसासारखा होणार नाही.

आणि मग तो कावळा. शब्द दिला म्हटल्यावर करणं आलं. तुम्ही गेल्यावर पहिल्या महिन्यातच एके सकाळी बघतो तर मोठा लोच तळाला आडवा, एका कुशीवर, हालचाल नाही. मला दरदरून घाम फुटला. आईला हाका मारल्या. ती पोळपाटावरून उठलीसुद्धा नाही. "अरे, झोपलाय मेला. ते असेच झोपतात आडवे. तुझ्या बाबांनाही पहिल्यांदा असंच घाबरवलंन." खरंच, थोड्या वेळाने उठून फिरायला लागला. तेव्हा तरी मनात यायला हवं होतं, की हिला हे माहीत म्हणजे ही संसारभर ओट्यापाशी उभी राहून बघत होती. नाही आलं. मी शिकत गेलो. अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके आले की पाणी गरम ठेवायचं, औषध अर्धंच घालायचं. दोन गेले, पाच जगवले. बघायला आलेली माणसं म्हणायची, एवढे मोठे लोच दुकानातसुद्धा नसतात, आणि माझी छाती फुगायची. ताई लग्न होऊन नाशिकला गेली, माझं काही जमलं नाही, तो विषय आता आईनेही सोडलाय. घरात आम्ही दोघंच.

मासे द्यायचं ठरलं ते मी ताईला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं. आईला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, सांगितलं नाही. परवा ती बाजारातून आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "मासे चाललेत होय रे? शेजारच्या काकू सांगत होत्या." मी म्हटलं, "अगं, सांगणारच होतो. बाबांना शब्द दिलेला ना, कावळ्यासमोर. मला लाज वाटत होती."

"कावळा तुझ्या माशांसाठी आला, असं वाटतं तुला अजून?"

ती पिशवीतल्या भाज्या काढत होती, माझ्याकडे न बघता बोलत होती. "मी मागे उभी होते. तुझं हे देईन, ते करीन चाललेलं. मी मनात म्हटलं, जा हो आता. माझ्याशी बोलायचं राहून गेलं, तर राहू दे. मी मनात नाही ठेवणार. तेव्हा उतरला तो कावळा. आणि तुम्ही सगळे फिदीफिदी हसलात. मी कशी हसू?" मग तिने मेथीची जुडी सोडली आणि निवडायला घेतली. "मासे ठेव नाहीतर दे. माझं काही म्हणणं नाही. सगळा संसार तुझ्या बाबांची पाठ बघितली, आता तुझी बघतेय. घरात बोलायला माणूस नाही म्हणून त्या काकूंच्या दारात जाऊन उभी राहते, म्हणून मला कळलं तरी."

बाबा, कावळा कुणासाठी उतरला ते तुम्हालाच माहीत. मला आता त्याच्याशी काही घेणंदेणं नाही. मी मात्र सगळीकडे मिरवत होतो, की बापाला दिलेला शब्द पाळणारा मी एकटा. पहिला शब्द आईला सांभाळायचा दिलेला, तो कुणी विचारला नाही म्हणून मीही विसरलो. औषधं आणली, डॉक्टर केले, सगळं केलं, आणि घरी आल्यावर हात धुऊन त्याच स्टुलावर बसलो, त्याच बाजूला पाठ करून. ऑफिसातलं सगळं माशांना सांगितलं. ती "चहा टाकू?" म्हणाली की मी काय म्हणतो, ते मला परवा पहिल्यांदा ऐकू आलं. लाज वाटते म्हणजे किती, तर आरशात बघून दाढी करवत नाही. आणि एवढं ऐकल्यावर मी केलं काय, सांगू? उठलो आणि माशांना खायला घातलं.

दोन दिवस झाले, ती नेहमीसारखी वागतेय. मी तिच्याशी काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, याची मनात उजळणी करतोय. शेवटी आज बसून हे सगळं सुचेल तसं लिहून काढलं. एवढं मोकळं मी आयुष्यात कुणाशी बोललेलो नाही. आई आत आहे, भांडी आवरतेय, मधे फक्त एक दार आहे आणि तेही उघडंच आहे. आणि मी तुम्हाला लिहितोय.