डावा-उजवा आणि ते एक दार

चि. धाकट्यास,

थोरल्याचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा आणि तुझ्या सौ.चा खोकला एकमेकांना सांभाळून असतील अशी आशा आहे. इकडे सगळं क्षेम आहे, फक्त ते हलतं. डॉक्टर त्याला पार्किन्सन्स म्हणतात, तुझी वहिनी 'तुमचं ते' म्हणते. या आजारात लिहिता लिहिता अक्षर बारीक होत जातं, तेव्हा भिंग घेऊन बस. (महत्त्वाचं मी शेवटी सांगतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.)

तर दारं. मोकळ्या जागेत मी बरा चालतो, पण दार आलं की पाय जमिनीला चिकटतात. दार उघडं, पलीकडे चहा तयार, आणि मी चौकटीत पुतळा! व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी उपाय काढला, की कोणीतरी ठेक्यात आकडे किंवा पावलं मोजायची, म्हणजे पाय सुटतात. आता गंमत बघ. एकतीस वर्षं मी शाळेत कवायत शिकवली, पाऊल चुकलं की पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. त्या सगळ्यांचा वचपा तुझी वहिनी एकटी काढते आहे. स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाल्कनी, प्रत्येक दाराशी 'डावा! उजवा! डावा! पोट आत!' (पोटाचा इथे काही संबंध नाही, ते ती हौसेने म्हणते.) खालच्या दुकानातला शिंपी माझाच विद्यार्थी. आवाज ऐकला की तो अजून मशीनवरून उठून सावधान उभा राहतो, त्यामुळे गल्लीतल्या लोकांचे कपडे उशिरा मिळतात.

हे झालं हसण्यासारखं. पण ती सत्तरीची आहे आणि मी ऐंशी किलोचा. दिवसातून पाच वेळा घड्याळ बघून गोळ्या, कपडे, उठवणं, बसवणं, कूस बदलणं, सगळं तीच करते. कंबरेला पट्टा बांधते आणि मला दिसत नाही असं समजते. गेल्या महिन्यात मला सावरताना आम्ही दोघंही न्हाणीघरात बसलो. बसलो म्हणजे उठता येईना. शिंपी जेवायला गेला होता, तो परत येईपर्यंत दीड तास आम्ही आपल्या लग्नात कोण कोण रुसलं होतं त्याची उजळणी केली. त्याच्या मशीनचा आवाज आल्यावर तिने 'डावा! उजवा!' असा टाहो फोडला. (तो आधी पाच मिनिटं सावधान उभा राहिला, मग वर आला.) त्या दीड तासात ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, मग हसणं थांबलं आणि पाणी चालूच राहिलं. तेव्हाच मी ठरवलं, की जिथे चोवीस तास माणसं हाताशी असतात अशा शुश्रूषा केंद्रात राहायला जायचं.

मंगळवारी बघायला गेलो. फाटक, दर्शनी दार, लिफ्ट, सगळीकडे तिने कुजबुजत मोजलं आणि मी पार झालो. खोलीच्या दाराशी पाय चिकटले. मी वाट बघत राहिलो, ती गप्प. मी तिच्याकडे पाहिलं, ती छताकडे. मागे धुण्याची ढकलगाडी आणि चाकाच्या खुर्चीतल्या एक आजी खोळंबल्या. (आजींनी घंटा वाजवली, दोनदा.) व्यवस्थापक बाई हळुवार आवाजात म्हणाल्या, "काकांच्या मनाची तयारी नाही अजून." अरे, मनाची होती! पण माझा आवाज ऐन वेळी बसतो आणि चेहरा हल्ली भिंतीसारखा असतो, त्यावर तयारी काय उमटणार? तुझी वहिनी लगेच, "बघा ना, त्यांना नाही यायचं." आणि मला उलटं वळवून असं खणखणीत 'डावा! उजवा!' सुरू केलं, की मी थेट टॅक्सीपर्यंत संचलन करत गेलो. खोली मात्र चांगली आहे. खिडकीतून एका शाळेचं मैदान दिसतं. पोरं रांगेत वाकडी उभी असतात, मला भरपूर काम आहे.

घरी येऊन म्हटलं, मला जायचंय. तर म्हणाली, "मग जा की, मी अडवलंय का?" अडवलं नाहीच, फक्त मोजलं नाही. मला तिचा राग येत नाही रे. पण तिची कंबर माझ्यापायी मोडलेली मला बघवणार नाही. सगळ्या संसारात तिच्यासाठी एक गोष्ट करायला निघालो, तर तीही तिच्या मदतीवाचून होत नाही.

घरातल्या सर्वांना यथायोग्य. पत्र तिच्या नकळत शिंप्याच्या हाती देतो आहे.

तुझा,
थोरला

ता. क. रविवारी पुन्हा जायचं ठरवलं आहे. तू ये. काही आणू नकोस, फक्त आवाज आण. त्या दाराशी मी थांबलो की मागे उभा राहून मोठ्याने मोज. वहिनीला भिऊ नकोस, ते काम माझ्याकडे आहे.

ता. ता. क. भाऊजी, इथून अक्षर मोठं दिसेल, ते माझं आहे. शिंपी पत्र घेऊन जिना उतरत होता, मी 'सावधान' म्हटलं, तो थांबला. भिंग लावून सगळं वाचलं. रविवारी नक्की या, पण तिथे मोजू नका. त्या दाराशी मीच मोजीन. तुम्ही फक्त परतताना माझ्याबरोबर या, आणि आमच्या घराच्या दाराशी मी थांबले, तर मागून मोजा. ठेका चुकला तरी चालेल.