जर्दाळूचा जामीन

ती. सुरजदाजींना, ईट गावाहून धाकटा मेव्हणा रामलिंग याचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडं सगळे खुशाल आहेत (मी सोडून). लडाखच्या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत? आईनं तुमच्यासाठी लोकरीचे मोजे घेतलेत विणायला, एक झालाय. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवरचं धोंडीबाकाका ऐकतात.

तुम्ही सुट्टीवर येताना आणलेलं जर्दाळूचं रोप आता माझ्या डोक्याएवढं उंच झालंय. पाणी मीच घालतो. पण फळ नाही, आणि थंडी पडली की पानंही नाहीत. गेल्या वेळाअमावास्येला, आपल्या येळवशीला, सगळी भावकी शेतात जेवायला जमलेली असताना काकांनी (तेच, गुलाबी पटकेवाले, ज्यांना बघून बैलसुद्धा आपणहून जोखडाखाली मान घालतात) कुऱ्हाड आणली. न फळणाऱ्या झाडाला दम द्यायची आपली रीत तुम्हाला ठाऊक आहेच. एकानं कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्यानं झाडामागं बसून झाडाच्या वतीनं गयावया करायची. त्या दिवशी झाड मी होतो. (खोड मनगटाएवढं, त्यामुळं मी सगळाच दिसत होतो.) काका गरजले, "देतूस का फळ, का घालू घाव?" ठरलेलं उत्तर "देतो, देतो" एवढंच. पण पातं बघून माझी बोबडी वळली आणि तोंडातून निघालं, "फुडल्या येळवशीला देतो, रामलिंगच्या जिवाची आण!"

सगळे हसले, काका हसले नाहीत. आता येळवस तोंडावर आलीय. काका ओट्यावर बसून कुऱ्हाडीला धार लावतायत आणि मधूनच माझ्याकडं बघतायत. "आधी झाड, मग जामीन," असं चारचौघांत बोलून बसलेत. आणि दाजी, खरं सांगू? माझ्यापेक्षा झाडाची भीती जास्त वाटते. ते बिचारं काही बोललंच नव्हतं.

तुमचा,
रामलिंग (तूर्तास)

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मूठभर जर्दाळू मिळेल त्या वाटेनं पाठवा. सुकलेले चालतील, दोऱ्यानं फांदीला बांधीन.

ता. ता. क. घाबरून पत्र टाकायचंच विसरलो, तोवर येळवस झाली. सकाळी सगळ्यांच्या आधी शेतात गेलो, तर फांदीला जर्दाळू! सुकलेले, वाण्याकडचे, गुलाबी चिंधीनं बांधलेले. मागून काका आले, पटक्याचं फाटकं टोक आत खोचत. "बघतूस काय? दम दिला की झाडं ऐकत्यात," म्हणाले. कुऱ्हाड मात्र घरीच विसरले होते.

जर्दाळू तरीही पाठवाच, आणि पोतंभर. पुढच्या येळवशीला सगळ्या भावकीला प्रसाद द्यायचं काकांनी कबूल केलंय, आणि आण घेतलीय ती पुन्हा माझ्याच जिवाची.