गेरूचा पट्टा

२१ सप्टेंबर १९४३
डबा हातातून हिसकावलाच! "आधी बघ, मग उचल रे कानिफ!" — इंजिनवाला पीरमहंमद चाचा. मी पेट्रोल समजून घासलेट आणलं होतं. विष्णुपंतांच्या मोसंबीच्या बागेतलं हे पाण्याचं इंजिन पेट्रोलवर सुरू होतं, तापलं की घासलेटवर चालतं. लढाईमुळं पेट्रोल कुपनावर, महिन्याला एकच डबा. डबे सगळे सारखे! म्हणून पेट्रोलच्या डब्यावर गेरूचा पट्टा, आणि तो एकटाच बाहेर, लिंबाखालच्या खड्ड्यात, वर ओलं पोतं. घासलेटचे चार इंजिनाच्या खोपीत. चाचाचं नाक तपकिरीनं मेलंय. म्हणतो, "तो पट्टा म्हंजेच माझं नाक हाय." गेरूचा खडा कमरेच्या फडक्यात बांधलेला असतो.

२६ सप्टेंबर
राहुरीत दोन महिने झाले. पारनेर सोडल्यापासून एवढा कुठं टिकलो नव्हतो. चाचाची बायको मुबारकबी रोज भाकरी देते. "खा रे, पळायला पायात जोर पायजे!" ओळखलंय मला.

३० सप्टेंबर
पेट्रोल चारपदरी धोतरातून गाळलं. तरी गाळ. डोकं दुखतंय.

७ ऑक्टोबर, खंडेनवमी
इंजिनाला झेंडूचा हार. चाचा कुपनांसाठी नगरला गेलेला. अंबिकाकाकू — पंतांच्या मंडळी — म्हणाल्या, "डबेही पूजेला मांड. आणि घासून आण, मळके नकोत." पाचही राखेनं घासले. लख्ख! पट्टाही गेला. काकूंनी पाचांनाही सारखंच कुंकू लावलं. इंजिनाच्या खोपीत एका रांगेत मांडले. पट्टा ओढायचाय, पेट्रोल परत खड्ड्यात ठेवायचंय. पण गेरू चाचाकडं.
रस्त्यानं बैल चाललेत, घोडेगावच्या बाजाराला! त्यात एक पांढरा — काय शिंगं! चार पावलं जाऊन बघून येतो.

९ ऑक्टोबर, घोडेगाव
पांढरा बैल विकला गेला. मीही गडबडीत होतो, दोऱ्या धरत, शेव खात. आज सकाळी एका बैलाच्या कपाळी कुंकू दिसलं. पट्टा! निघालो.

१० ऑक्टोबर
पोचलो. चाचाच्या झोपडीच्या जागी काळी राख.
परवा दिवेलागणीला त्यानं खोपीतल्या डब्यातून चिमणी भरली. मुबारकबीनं काडी ओढली. तिला नगरच्या दवाखान्यात नेलंय.
पंत ओरडत होते, "वीस वर्षं इंजिनं चालवतोस, पेट्रोल न् घासलेट कळत नाही तुला?"
चाचा म्हणाला, "चूक माझी, पंत. मीच भरली चिमणी."
मी तिथंच होतो. दोन हातांवर.

११ ऑक्टोबर
सांगणार. पंतांना, चाचाला, सगळ्यांना.

१२ ऑक्टोबर
आज नाही सांगितलं.

१३ ऑक्टोबर
मुबारकबी गेली.

१६ ऑक्टोबर
पंतांनी चाचाला काढलं. मला म्हणाले, "उद्यापासून इंजिन तू बघ." पळून जावं तर पाय उचलत नाहीत. मी हो म्हणालो. हो म्हणालो!

१७ ऑक्टोबर
चाचा सकाळी निघाला. मी लिंबाखाली खड्ड्यात डबा ठेवत होतो. जवळ आला, कमरेचं फडकं सोडलं, गेरूचा खडा माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाला, "घासलास की परत ओढत जा, बेटा."