तोंडातली कवडी

आई, चौथीत शाळा सुटलेली तुझी लेक आज चिनी अक्षर शिकली, हस आता! नात ऑफिसच्या कामासाठी ती भाषा शिकते. बेळ्ळंदूरहून घरी येईस्तोवर पोरीचा जीव जातो, त्या रस्त्याचं बोलूच नकोस. तर भाकरी खाता खाता तिनं वहीत काढून दाखवलं. "अज्जी, ही हाव. खाली कवडी, पूर्वी तिकडं कवड्या हेच धन. वरचं चिन्ह काही जण म्हणतात नुसतं उच्चारापुरतं, काही म्हणतात मुळात ते उलटं तोंड." मी म्हटलं, "म्हणजे कवडीवर तोंड?" "स्वल्प तसंच. पुढं अर्थ पसरला. लाचखाऊ त्यात आला, आणि खेळातून न उठणारं पोरसुद्धा." "मग ती हावरी मीच की गं!" "काहीतरीच अज्जी, तू तर शेवटचा लाडूही वाटून टाकतेस." मी भाकरी उलटायला वळले.

तिला काय ठाऊक. बसवनगुडीचं आपलं घर, मी चौथीत, दुपार. तू जमिनीवर खडूनं चौकाबाऱ्याचा पट आखलायस, शेजारच्या अक्कांनी खेळायला कवड्या आणल्यात. त्यातली पिवळी, पाठीवर ठिपका असलेली, मला हवीच. कुणाला दिसू नये म्हणून मी ती तोंडात टाकते. आणि तेवढ्यात तू, कधी नव्हे ती, माझा हात धरून कोपऱ्यात नेतेस. "खरं सांग, पुढं शिकायचंय तुला? हो म्हण, मी बाबांशी भांडते." तोंड उघडलं तर कवडी पडणार. मान हलवली तर दातांवर वाजणार. मी खाली बघत राहते. तू किती वेळ थांबलीस, आई! मग म्हणालीस, "बरं. नको तर नको."

त्यानंतर सांगायचं म्हटलं तर आधी चोरी सांगायला लागणार. मी जन्मभर सगळ्यांना सांगत आले, आईनं शाळा सोडवली. तू म्हणायचीस, "तिलाच नको होती," आणि लोक तुलाच हसायचे. तुझ्या मुलासुनांनीही तुझं खरं मानलं नाही. मी तिथंच बसलेली असायचे.

हे पत्र आता कुठल्या पोस्टात टाकू? घडी करून डबीत ठेवते, त्या कवडीपाशी. तू विचारलं होतंस ना? हो आई. शिकायचं होतं मला.