पंधरा वर्षं टिकणारं मशीन

दादा,

घर गरम-गार ठेवायच्या मशीनचा मेकॅनिक आज मापं घ्यायला येऊन गेला. तू कामावर होतास, म्हणून मीच त्याला खोल्या दाखवल्या. म्हटलं, महागातलं बसवा, पण पंधरा वर्षं बघायला नको. तो गोंधळलाच. म्हणाला, "ताई, साहेब तर म्हणाले, स्वस्तातलं चालेल, घर विकेपर्यंत टिकलं म्हणजे झालं."

त्याच्यासमोर मी हसून वेळ मारून नेली. तो गेल्यावर मात्र थेट कपाट उघडलं.

चांगलं मशीन घ्यायचं म्हणून दोन हिवाळे आपण घरात स्वेटर घालून काढले. मी माझी स्कूटर विकली. रोज जेवताना तू खर्चाचा हिशोब मांडायचास आणि मी वेड्यासारखी मान डोलवायचे. केसानं गळा कापलास रे! विकायचंच होतं तर तोंडावर सांगायचंस. कडाकडा भांडले असते, पण परक्या माणसाकडून कळलं नसतं.

मशीनसाठी साठवलेले पैसे मी घेऊन चाललेय, कपाट उचकू नकोस. आज मैत्रिणीकडे राहीन. बाबांना यातलं काही माहीत नाही.

त्यांनी मेकॅनिकला हाताला धरून आपल्या खोलीत नेलं होतं. पलंग दाखवून म्हणाले, "वारा थेट अंगावर नको हं, मला आता कायम इथेच झोपायचंय." त्यानं भिंतीवर मशीनच्या जागेची पेन्सिलीनं खूण करून दिलीय.

ती तू पूस. त्यांच्यादेखत.