गोडाऊनची फ्लॉपी

८ जानेवारी १९९६, सोमवार
प्रोजेक्टला आजपासून सुरुवात. विषय: गोडाऊनचा प्रोग्राम. अंजूरला भाऊंची, म्हणजे वडिलांची, गोडाऊन्स आहेत. कुठला माल कुठे ठेवलाय ते खुद्द भाऊंनाही सापडत नाही. माझा प्रोग्राम सांगणार. असलं काही भिवंडीतच काय, कुठेच नसावं. म्हणून गुप्तता. लॅबच्या मशीनवर काही ठेवायचं नाही. तसंही तरे सर दर शनिवारी सगळी मशीन्स साफ करतात. सगळं एका फ्लॉपीवर, आणि फ्लॉपी माझ्याजवळ.

११ जानेवारी
शेजारच्या मशीनवर चंद्रा बसते. कामतघरची. हुशार आहे, म्हणजे धोका. आज आपण होऊन विचारलं, तुझा विषय काय. अजून ठरतंय म्हणालो. तर म्हणाली, माझा लायब्ररीचा आहे. न विचारता कुणी स्वतःचा विषय सांगतं का?
लेबलवरचं 'गोडाऊन' खोडलं. 'आरत्या' लिहिलं.

१६ जानेवारी
फ्लॉपी आता बनियनच्या आत. दप्तरातून कुणीही काढेल. रिक्षात दाटीवाटीने बसलो, छातीवर हात घट्ट. घरी आई म्हणाली, "बनेनमंदी काय लपवलंस रे? ताईत हाय का?" आईला सांगायला हरकत नव्हती. पण आई काकूला सांगते.

२३ जानेवारी
चंद्राने कोरी फ्लॉपी पुढे केली. म्हणाली, एक कॉपी काढून ठेव, फ्लॉपीचा भरवसा नसतो. फुकट देत होती! एक फ्लॉपी म्हणजे चोराला एक संधी, दोन म्हणजे दोन. एवढं तिला कळत नसेल? नको म्हणालो. गोड हसून म्हणालो, म्हणजे संशय येणार नाही.

२ फेब्रुवारी
ड्राइव्हमध्ये घातली की फ्लॉपी घर्र करते. बरंच झालं. माझ्यामागे कुणी घातली तर लगेच ऐकू येईल.
चंद्रा म्हणाली, "अनंता, तुझी फ्लॉपी जाणार बघ." माझ्या फ्लॉपीकडे हिचे कान कशाला?

९ फेब्रुवारी
प्रोग्राम पूर्ण. पहिल्या झटक्यात चालला. (दुसऱ्या.) सर म्हणाले, प्रिंटआउट काढून ठेव. काढला नाही. कागद कुणीही वाचतं. कच्ची पानं घरी चुलीत घातली.

१२ फेब्रुवारी, सोमवार
पकडली!
ऑफिसातून हॉल तिकिटासाठी बोलावणं आलं. गडबडीत फ्लॉपी ड्राइव्हमध्येच राहिली. जिन्यात आठवलं. तसाच मागे पळालो, बूट घालूनच लॅबमध्ये घुसलो. चंद्रा माझ्या मशीनसमोर. एका हातात माझी फ्लॉपी, दुसऱ्या हातात तिची.
मी ओरडलो. तरे सर आले. चंद्रा म्हणाली, "सर, त्याची फ्लॉपी फार आवाज करत होती. चालतेय तोवर कॉपी करून ठेवली. त्यालाच देणार होते." तयार उत्तर.
मी म्हणालो, माझ्यासमोर पुसायचं. सरांनी विचारलं, तुझ्याकडे दुसरी कॉपी आहे ना? मी म्हणालो, सर, माझ्याकडे ओरिजिनल आहे.
तिने पुसायची कमांड टाकली. मशीनने विचारलं, नक्की? तिने माझ्याकडे पाहिलं. Y मीच दाबला. वर तिच्या लायब्ररीच्या फाइली त्याच फ्लॉपीवर चढवायला लावल्या. पुसलेलं परत आणता येतं, हे मला माहीत आहे.
विजय.

१९ फेब्रुवारी, सोमवार
सबमिशन. फ्लॉपी घातली. घर्र. मग तेही नाही. लॅबमधल्या प्रत्येक मशीनवर घालून पाहिली. प्रत्येक मशीन म्हणतं, वाचता येत नाही.
पहिला संशय चंद्रावर. तिनेच त्या दिवशी काहीतरी केलं असणार.
सरांनी फ्लॉपीची पत्र्याची पट्टी सरकवून आत पाहिलं. आत डाग, बुरशीसारखे. विचारलं, "अरे, ही ओलीत कुठे ठेवत होतास?"
रिक्षा आठवली. घामाने भिजलेलं बनियनही.
सरांनी गुरुवारपर्यंत मुदत दिली. परत टाइप कर म्हणाले. सोपं आहे. सगळं डोक्यात आहे.

२१ फेब्रुवारी
पहिल्या दोन ओळी डोक्यात आहेत.

२२ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळीच कामतघरला गेलो. रस्ताभर एकच विचार. कॉपी करताना तिने उघडून पाहिलंच असणार. हुशार आहे, लक्षात राहिलं असेल. कुठेतरी उतरवून घेतलं असेल. मी रागावणार नव्हतो. उलट आभार मानणार होतो.
चंद्रा दारातच भेटली. सबमिशनला जायच्या तयारीत. मी म्हणालो, खरं सांग, तू माझा प्रोग्राम बघितलास ना? थोडा तरी? शपथ, सरांना सांगणार नाही.
ती म्हणाली, "नाही रे. उघडला नाही मी. तुझा होता ना तो."
मग म्हणाली, "आरत्या लिहिलं होतं वर. मला वाटलं, घरचं काहीतरी असेल."
मागून तिच्या आईने विचारलं, कोण आलंय. चंद्रा म्हणाली, कॉलेजातला मित्र आहे.
आईने आत बोलावलं. चहा घेतला. त्यात काय घातलंय, हे विचारलं नाही.