डोक्यावर हात ठेवून

बाबा, राग आलाय म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, मागोमाग आईही गेली, त्यामुळे हा राग कुणाच्या दारात नेऊन टाकावा ते कळत नाही. देवाला सांगून झालं. देव ऐकून घेतो, पण उलट बोलत नाही, आणि मला आज कुणीतरी उलट बोलायला हवं आहे. कागद पाठकोरे आहेत, तुमच्या नातीच्या शाळेच्या झेरॉक्सचे. यासाठी नवी वही फाडणार नाही, हे तुम्हाला पटेलच. एक शेगडी पेटवून झालेली काडी टाकायची नाही, तिनेच दुसरी पेटवायची, हे मी तुमच्याकडूनच शिकले. तीच काडी मग तुमच्या विडीलाही चालायची.

तुम्ही न पाहिलेले तुमचे जावई रबाळ्याला एका कारखान्यात फिटर आहेत. तुमची विडी होती, यांची सिगारेट. एका पिढीत आमची एवढीच काय ती प्रगती. गेल्या हिवाळ्यात यांना जिना चढताना मध्येच थांबावं लागायला लागलं, तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली, आणि नुसतं सोडा म्हणून न थांबता शनिवारच्या गटात जायला सांगितलं. आमच्या सेक्टरमध्ये गणपतीच्या देवळामागे हॉल आहे. तिथे शनिवारी संध्याकाळी सिगारेट-विडी सोडू बघणारी माणसं गोल खुर्च्या मांडून बसतात. ऐकून माझा तर पाराच चढला. घरातली गोष्ट चार परक्यांसमोर काढायची? माणसात जिद्द असली तर सुटते, नसली तर गोल बसून काय होणार? मी तोंडावर म्हटलं, त्यापेक्षा दत्ताच्या देवळात बसा, निदान पुण्य तरी लागेल.

गटात प्रत्येकाला एक जोडीदार देतात. यांचा जोडीदार तळवलीचा, तिथल्या मूळ गावकऱ्यांतला. बापजाद्यांची शेती गेली, आता चाळीची भाडी घेतो, गळ्यात कासऱ्यासारखी सोन्याची चेन. ठरलंय असं की तलफ आली की हात खिशाकडे न जाता फोनकडे जायला हवा. मग मी भाकरी थापत असते आणि फोन वाजतो. "वयनी, दादाला द्या फोन. चाय झाली नी हात शिवशिवतोय माझा." आणि हे दोघे पन्नाशीतले बाप्ये बोंबील महाग झाले, बिल्डरने गटार अर्धंच झाकलं, असलं काहीतरी बोलत बसतात. मी एकदा म्हटलंसुद्धा, लग्न ठरल्यावर माझ्याशी एवढं बोलला नव्हतात. हे हसले आणि म्हणाले, बोलून होईस्तोवर तलफ निघून जाते गं, तिला फार दम नसतो. दम माणसालाच धरावा लागतो, आणि तो एकट्याने धरवत नाही.

हे मला तेव्हा नुसतं बोलणं वाटलं. मग एका शनिवारी घरच्यांनाही बोलावलं आणि मी गेले. तिथला नियम असा, की ज्याने आठवड्यात ओढली असेल त्याने सगळ्यांच्या आधी बोलायचं, आणि पहिला चहा त्याला. मला ते उफराटंच वाटलं. एक रिक्षावाला उठला, मान खाली घालून म्हणाला, सोमवारी दोन ओढल्या. आता याची चंपी होणार म्हणून मी पदर सावरून बसले. तर आपला तळवलीवाला त्याला विचारतो, कुठे होतास? बरोबर कोण होतं? जेवला होतास का उपाशी? भांडण झालं होतं का? एखाद्याचं पाकीट हरवलं की आपण कसं शोधायला लागतो, तसे सगळे मिळून शोधायला लागले. निघालं असं, की पंपावर गॅसच्या रांगेत बाकीचे रिक्षावाले बाहेर उतरून ओढत उभे असतात, आणि याला त्यांच्यात उभं राहून नाही म्हणवत नाही. दुसरा एक म्हणाला, मीही त्याच पंपावर येतो, तू मला फोन कर, दोघं एकदम नाही म्हणू. एवढंच. तो रिक्षावाला चहा पिताना रडला.

बाबा, तिथे बसल्या बसल्या माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो त्या माणसांवर नाही. तुम्हाला हे चार प्रश्न कुणी कधी विचारले होते? तळोज्याच्या केमिकल कंपनीत तुम्ही बॉयलरवर. उकाडा, डोळ्यांची आग, आणि तुमच्या शिफ्टमधला तो एकच बोलका माणूस, जो विडी पुढे केल्याशिवाय बोलत नसे. हे मला आज कळतंय, अंदाजाने, कारण विचारलं कुणीच नाही. आईने नाही, काकांनी नाही, खोकल्याचं औषध देणाऱ्या डॉक्टरांनी नाही. सगळ्यांनी सांगितलं. तुमच्या दहाव्याला आलेला प्रत्येक माणूस हेच म्हणत होता, सांगून सांगून थकलो हो, पण ऐकलंच नाही. मी लहान होते, मला ते खरं वाटलं. आज मला त्या एकेकाला उभं करून विचारायचं आहे, की तुम्ही थकलात, पण बसलात का त्यांच्याजवळ कधी?

आणि याच लोकांना बरोबर बसणं माहीत नव्हतं असं नाही. रोज मासे लागणारा माणूस श्रावणभर वरणभात खातो तो काय एकट्याच्या जिद्दीवर? अख्खी आळी पाळते म्हणून त्याचा निभाव लागतो. शेजारी कुणी तळत नाही, तव्याचा वास येत नाही. एकादशी घरात सगळे मिळून धरतात. आईचं भजनी मंडळ होतं, एक जण आली नाही तर दुसरी तिला घरून घेऊन यायची. देवाचं सगळं आपण मिळून करतो आणि विडी तेवढी माणसाने एकट्याने सोडायची, असं कुठल्या पोथीत लिहिलं होतं?

तुमच्यासाठी त्यांनी दुसरंच शोधलं. गुरुवार होता, आरती झाली होती, कापराचा वास अजून खोलीत होता. काका म्हणाले, हा असा नाही सोडायचा. आईने मला ओढून तुमच्यापुढे उभी केली आणि म्हणाली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवा आणि शपथ घ्या. तुम्ही हात ठेवता. मी फ्रॉकच्या झालरीकडे बघत उभी आहे. तुमचा आवाज घोगरा झाला आहे.

पुढच्या महिन्यात मला टायफॉईड झाला. आई उशाशी बसून तुमच्याकडे एकदाच बघते. तुम्ही काही न विचारता खोलीच्या बाहेर जाता. विडी सुटली नव्हती, हे तेवढ्यावरून सगळ्यांना कळलं. मी बरी झाले, पण तुम्ही त्यानंतर देवघरासमोर उभे राहिला नाहीत. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात आमच्याबरोबर यायचात आणि बाहेर चपलांपाशी बसायचात. लोक चेष्टा करायचे, पुजाऱ्याने वॉचमन ठेवला वाटतं. तुम्ही हसायचात. मला वाटायचं, बाबांना चपला राखायला आवडतं. विडी तर सुटली नाहीच, वर देव सुटला. लपून ओढायला लागलात ते वेगळंच. याचा जाब मी कुणाला विचारू?

आता काल काय झालं ते. वन्सं साताऱ्याहून आल्या आहेत. जेवायला बसलो होतो आणि हे ताटावरून मान वर न करता म्हणाले, "बुधवारी एक ओढली मी. कामावर एकाचा निरोपसमारंभ होता." बाबा, हे धाडस मला माहीत आहे. हे आधी असं घरात कधी बोलले नसते, लवंग-वेलचीच्या वासाखाली लपवलं असतं. मी काही म्हणायच्या आत वन्सं उठल्या. तुमच्या नातीचा दंड धरून तिला यांच्यासमोर आणली.

"गट-बिट पुरे झालं. ठेव हात पोरीच्या डोक्यावर. म्हण, पुन्हा शिवलो तर."

यांचा चेहरा पडला. उष्टा हात ताटातच, आणि डावा हात हळूहळू वर यायला लागला. डावा, बाबा, शपथेला डावा हात चालत नाही हेसुद्धा त्या माणसाला सुचेना. मी तो मनगटात धरला.

"वन्सं, माझी पोर गहाण ठेवायची नाही."

"अगं, तुझ्याच कुंकवासाठी म्हणते मी."

"आमच्या घरी ठेवली होती एकदा. ती मीच."

त्यांना हे ठाऊक नव्हतं. मीही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पोर बिचारी दंड चोळत आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. वन्सं फणकाऱ्याने म्हणाल्या, मग आता काय, पेढे वाटू का? मी म्हटलं, पेढे नकोत, विचारा यांना. मोठ्या बहीण आहात, तुम्ही विचारा. बराच वेळ त्या आमटी ढवळत बसल्या. आमटी केव्हाच गार झाली होती. मग ताटाकडेच बघत, धाकट्या भावाला शाळेतून आल्यावर विचारावं तशा म्हणाल्या,

"कुणी दिली रे तुला?"

आणि हे सांगायला लागले. कोणी दिली, आधी नको म्हटलं, मग सगळे हसले, मग घेतली. वन्संनी मध्ये एकदाच त्या सगळ्यांच्या आईबापांचा उद्धार केला, बाकी ऐकून घेतलं. आज शनिवार, हे हॉलवर गेले आहेत, पहिला चहा यांचाच. वन्सं बरोबर गेल्या आहेत, बघते म्हणाल्या, कसले लोक आहेत ते.

घरात कुणी नाही म्हणून एवढं लिहून झालं. ते यायच्या आत हे कागद देवघराच्या फळीवर अंथरायच्या कापडाखाली जातील. देवासमोर उभं राहायचं तुम्ही सोडलंत, निदान हे तरी तिथे राहू दे. त्या शपथेवर माझा राग आहे, घेणाऱ्यांवर आहे, घ्यायला लावणाऱ्यांवर आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही. फक्त एक आहे. तुम्ही मायेने जवळ घेणाऱ्यांतले नव्हतात. तुमचा हात माझ्या डोक्यावर आला तो त्या एकाच गुरुवारी. जड होता, गरम होता, बोटांना तंबाखूचा वास होता. मला तो फार आवडला होता.